पाच थोरला, आठ धाकटा

टण्ण्!

दुपारच्या सामसुमीत पितळी ताटात एक चिंचोका पडला, आणि जयवंतानं थोपटून थोपटून, स्वतःचा हात बधिर करून निजवलेला गोवर्धन डोळे टक्क उघडून आढ्याकडं पाहू लागला. शेजारच्या लग्नातले फटाके या आठ महिन्यांच्या पोराच्या कानाशी फुटले होते, तेव्हा त्यानं कूस बदलली नव्हती. पण आईनं पाठ टेकायला आणि घरात काहीतरी पडायला एकच गाठ पडावी, अन् त्यानं जागं व्हावं, असा त्याचा जन्मल्यापासूनचा नेम होता.

"शकुन!" जयवंता दात आवळून म्हणाली.

"मी नाई पाडला, माय. नऊ पडला."

"कोन नऊ?"

सहा वर्षांच्या शकुननं ताटाकडं बोट दाखवलं. ताटात चिंचोके ओळीनं बसले होते, एकाला एक खेटून, पंगतीला बसल्यासारखे. एक मात्र घरंगळून काठाशी गेला होता. "हा. आठाच्या मांडीवर बसला होता. लायना हाय न थो, त्याले नीट बसता येत नाई."

जयवंता उठून बसली. "नऊ लहान? अन् मोठा कोन मंग?"

"एक," शकुन म्हणाली. आकाश वर आहे हे सांगावं तशी. "एक सगळ्याईत मोठा."

जयवंताची उरलीसुरली झोप उडाली. उडायला कारण होतं. होळी होऊन गेली होती आणि मुलींच्या शाळेत डिप्टी साहेब तपासणीला यायचे होते. बालवर्गातल्या मुलींना ते चार प्रश्न विचारणार आणि पहिलीत कोण जाणार ते ठरवणार. इतर घरांत एवढंच होतं. जयवंताच्या घरात त्यापुढं आणखी एक शेपूट होतं. तिचे सासरे खुशालराव अंजनगाव सुर्जीला राहत. त्यांचा केळीचा आणि भाजीचा मळा होता, आणि मत देताना ते कोथिंबिरीची जुडी फेकावी तसं फेकत. त्यांनी अकोल्याला निरोप पाठवला होता: "पोट्टी पास झाली त शिकवा. नाई झाली त मी घेऊन जातो. इथं धाकट्या सुनेचं लेकरू हाय, पाळना हलवाले कोनी नाई."

निरोपात 'विचार करा' असं काही नव्हतं. खुशालराव वांगी विकताना घासाघीस करत; नातीच्या बाबतीत एकच भाव.

तर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न 'मोठी संख्या कोणती?' हा होता, आणि लेकीच्या मते एक सगळ्यांत मोठा होता.

संध्याकाळपर्यंत ही बातमी जठारपेठेतल्या त्यांच्या अख्ख्या आळीला कळली. आळीत कुणाच्या घरी भाजीला फोडणी जळाली तर ती सगळ्यांना कळते. ही तर पोरीची अक्कल जळाल्याची बातमी. पहिल्यांदा आल्या शेजारच्या मनकर्णाबाई. त्यांना सात लेकरं होती आणि एकही शाळेत गेलेलं नव्हतं, त्यामुळं शिक्षणाविषयी त्यांचा अनुभव निर्मळ होता.

"जयवंते, पोरीच्या डोक्यात गरमी चढली," त्यांनी शकुनचं टाळकं चाचपून सांगितलं. "एरंडीचं तेल थाप. अन् वांगं देऊ नको. वांग्यानं आकडे उलटे दिसतात."

"कोनाले दिसले, मावशी?"

"माह्या दिराले. थो वांगं खाऊन जुगार खेळे."

वांगं बंद झालं. तेल सुरू झालं. चार दिवस शकुन उन्हात दिव्यासारखी चमकत शाळेत जात होती, आणि पाच अजूनही आठापेक्षा मोठाच होता.

मग समोरचे नत्थुजी आले. ते पोस्टात होते. पेन्शन घेतल्यापासून त्यांना शिक्का मारायला काही मिळत नव्हतं, म्हणून ते माणसांवर मारत. त्यांचं म्हणणं, ही सगळी चूक मुळाची. मुळातच पाढे नाहीत. आणि साधे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी. "हे घोटवलं की मोठा-लायना आपोआप कळते. आमाले छड्या मारून शिकवलं. पाय, आज बी विसरलो नाई."

"छड्या का पाढे?" जयवंतानं विचारलं.

नत्थुजींनी ते ऐकलं नाही. ओसरीवर मांडी घालून त्यांनी शकुनला समोर बसवलं. "सांग बेटा, दीड मोठे का पावणेदोन?"

शकुननं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पावणे कोन्या गावचे?"

आता आमच्या वऱ्हाडात घरी येतो तो पाहुणा नसतो, पावणाच असतो. यात पोरीचा काय दोष? पण नत्थुजींना आपली थट्टा झाल्यासारखं वाटलं. ते धोतराचा सोगा झटकत उठले आणि आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सांगत गेले, की चंद्रभानच्या पोरीले संख्या म्हनजे नातेवाईक वाटतात.

हे बोलणं खरं होतं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

चंद्रभान म्हणजे शकुनचे वडील. ते एका वकिलाकडं कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सुवाच्य अक्षरात लिहून घरी येत आणि स्वतःचं एकही भांडण होऊ देत नसत. पण नत्थुजींचं बोलणं आळीभर झालं तेव्हा त्यांनीही बाह्या सारल्या. कोळशानं दारावर त्यांनी एक ऐसपैस २ काढला. त्याच्या शेजारी कडी आणि भेग यांच्यामधे जेवढी जागा उरली होती तेवढ्यात ९ बसवला.

"बोल, यात मोठा कोणता?"

"दोन."

"नीट पाहून सांग."

शकुन दाराजवळ गेली. वीत टाकून तिनं दोन मोजला, मग नऊ मोजला. "दोनच मोठा हाय, बाबा. तुमीच त मोठा काढला."

चंद्रभाननी कोळसा खाली ठेवला. वकिलाकडं काम करत असल्यामुळं पुरावा समोर उभा असला की तो त्यांना ओळखू येत असे.

जयवंता हे सगळं भाकरी थापता थापता पाहत होती. तिला राग लेकीचा येत नव्हता, येत होता तो दारावरच्या काळ्या आकड्यांचा, कारण ते पुसायचे तिलाच होते. आणि एक शंका मनात रुतली होती. पोर मुकी नव्हती, भोळी नव्हती. तिसऱ्या घरची म्हैस व्याली हे ती म्हशीच्या हंबरण्यावरून सांगे. मग तिला एवढं साधं कळत कसं नाही? की आपल्यालाच तिचं म्हणणं कळत नाही?

दुसऱ्या दिवशी, गोवर्धन निजला असताना, तिनं चिंचोक्यांचं ताट स्वतःहून मधे ओढलं. "शकुन, एक मोठा कावून गं?"

"थो पयले आला न." शकुननं चिंचोका उचलून आईच्या तळव्यावर ठेवला. "आपन मोजतो तवा पयले कोन येते? एक. मंग दोन. मंग तीन. एक थोरला. दहा सगळ्याईच्या मागून झाला, म्हनून थो शेंडेफळ."

जयवंताच्या हातातला चिंचोका हातातच राहिला.

मोठा म्हणजे थोरला! मोठा भाऊ, मोठे काका, मोठी आई. सहा वर्षं या पोरीनं हा शब्द ऐकला तो असाच ऐकला. मोठा कोण, तर जो आधी जन्मला तो. पाच आठाच्या आधी जन्मला, मग पाचच मोठा. चूक कुठं होती? तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं हे तिला धड कळलं नाही.

"बरं, पाच भाकरी जास्त का आठ भाकरी?"

"आठ," शकुन म्हणाली, आणि आईला आज काय झालं अशा नजरेनं तिनं पाहिलं.

"दोन जास्त का नऊ?"

"नऊ!" प्रश्न संपायच्या आत.

"आठ जास्त का नऊ?"

इथं शकुन थांबली. मान तिरकी केली, ओठ हलले. "...नऊ."

"याले कावून येळ लागला?"

"दोन अन् नऊ दूर दूर राह्यतात न माय. दुरून बी दिसते कोन जास्त हाय थे. आठ अन् नऊ शेजारी शेजारी राह्यतात. त्याईले पाठीले पाठ लावून उभं करा लागते, मंग समजते."

जयवंतानं आठ आणि नऊ आपल्याही मनात उभे करून पाहिले. आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही तसंच होतं. कणभर का होईना, थांबावं लागतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून कळलं नव्हतं. तिनं लेकीला जवळ ओढून तिच्या तेलकट टाळक्याचा मुका घेतला. मनकर्णाबाईंचं तेल ओठांना लागलं. तोंड कडू झालं. पण त्या दुपारी जयवंता सुखी होती, हे सांगून ठेवलं पाहिजे, कारण ते फार टिकलं नाही.

डोक्यात गरमी नव्हती, मुळात पाढ्यांची खोट नव्हती. एक शब्द तेवढा बदलायचा होता. 'मोठी कोणती' ऐवजी 'जास्त कोणती' विचारलं की झालं. इतकं साधं काम! आणि साधं काम सरकारी जागी घेऊन जाऊ नये, हे जयवंताला कोणी शिकवलं नव्हतं, कारण तिला तिसरीतूनच काढून लग्न लावून दिलं होतं.

शाळेच्या मुख्य बाई दुर्गाबाई. त्या अमरावतीहून ट्रेनिंग करून आलेल्या, अंगानं काडी, वयानं जयवंताएवढ्याच. त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्यांच्या हाताखालच्या पार्बताबाईंचे केस पांढरे झाले होते; त्यांना सगळे 'लहान बाई' म्हणत. मोठ्या बाईंनी जयवंताचं बोलणं मन लावून ऐकलं, दोनदा 'अगं बाई' म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"तुमचं खरं आहे हो. पण प्रश्न छापील असतो. 'मोठी संख्या' असंच छापलंय. मी शब्द बदलला आणि साहेबांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं, तर मी काय सांगू? तुम्ही असं करा, वर अर्ज करा."

अर्ज चंद्रभाननी लिहिला. त्यांना अर्ज साधा लिहिता येत नसे. 'सदरहू अल्पवयीन मुलीची मोठेपणाविषयीची समजूत ही नातेसंबंधवाचक असून संख्यावाचक नसल्याने, सबब...' असा तो सुरू झाला आणि पानभर सबबच चालली. वाचून जयवंताला वाटलं, आपली पोर कुणाचं तरी शेत बळकावून बसली आहे.

वरच्या कचेरीतल्या कुणी तरी त्या पानातले दोनच शब्द वाचले असावेत: 'समजूत' आणि 'नसल्याने'. उत्तर आलं, की मुलीला समजूत नसल्यास ती मंदबुद्धी नाही असा डॉक्टराचा दाखला जोडावा.

"पाह्यलं?" जयवंता नवऱ्याला म्हणाली. "आपन सांगाले गेलो पोरगी हुशार हाय, अन् आता ती येडी नाई हे सिद्ध करा."

"कायद्यात असंच असतं," चंद्रभान म्हणाले. "पुराव्याचा भार अर्जदारावर."

भार अर्थातच जयवंताच्या कडेवर होता, गोवर्धनच्या रूपानं. एका हातानं तो आणि दुसऱ्या हातानं शकुन, अशी ती उन्हात दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पापणी ओढली, पोट दाबलं, आणि शेवटी बुद्धी पाहायची म्हणून विचारलं, "हत्ती मोठा की उंदीर?"

शकुननं विचार केला. आईनं सांगितलं होतं, घाई करायची नाही. "त्याईच्यातला पयले कोन झाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि दाखल्यावर लिहिलं: जंत. सोबत जंतांचं औषध दिलं. ते घेऊन शकुनला दोन दिवस परसाकडं पळावं लागलं. आणि सगळ्या आळीत झालं, की चंद्रभानच्या पोरीच्या डोक्यात किडे निघाले.

अशात तपासणीची तारीख ठरली, आणि तिच्या आदल्या दिवशी नत्थुजी मोटार-अड्ड्यावरून वर्तमानपत्र घेऊन येता येता दारात थांबले. राग अजून होता, म्हणून आत आले नाहीत. ओसरीवर शकुन होती, तिलाच तिच्या आजोबांचा मोटारवाल्याकडं आलेला निरोप सांगून गेले.

"माय," शकुन आत येऊन म्हणाली, "आबाजी उद्या येऊन राह्यले. पावणे बारा."

बारा! जयवंताच्या हातातली पळी गळाली. पण नवल वाटलं नाही. गोवर्धनच्या बारशाला खुशालराव छकडं भरून माणसं घेऊन आले होते. आता नातीची शोभा पाहायला आणखी भरून आणत असतील. पहाटेच उठून तिनं मनकर्णाबाईंकडून मोठं पातेलं आणलं, पार्बताबाईंकडून पाट आणले, वरण-भात-पोळ्या केल्या, भरीत केलं, वांगं बंद असूनही केलं. बारा पत्रावळी ओसरीभर मांडल्या. तेरावीला जागा नव्हती म्हणून चंद्रभानना सांगितलं, तुमी उभ्यानं जेवा.

ऊन डोक्यावर आलं. आणि बाराला पाव तास कमी असताना खुशालराव एकटेच छत्री मिटत दारात उभे राहिले.

त्यांनी बारा पत्रावळी पाहिल्या. मागं वळून पाहिलं, आपल्यामागून आणखी कोणी आलं की काय. मग सुनेकडं पाहिलं.

"मामाजी," जयवंता पदर सावरत म्हणाली, "बाकीचे?"

"कोन बाकीचे?"

"पावणे... बारा..."

खुशालरावांना कळायला क्षणभर लागला. मग ते असे हसले, की आळीतल्या कुत्र्यांनी कान टवकारले. "पावणेबाराले येतो सांगतलं होतं वं मी! एका पावन्याले बारा पानं! चंद्रभान, आता समजलं मले पोट्टीचं गनित कुठून आलं थे. मायचंच उचललं!"

चंद्रभाननीही थोडं हसून घेतलं. बाप हसला की हसायचं, ही त्यांची जुनी सवय. अकरा पत्रावळींवर आळी जेवली. मनकर्णाबाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं आणि वांगं पोरीला देऊ नको म्हणून परत बजावलं. जयवंता वाढत राहिली. कोणी मारलं असतं तर दुखलं असतं आणि थांबलं असतं. हे हसणं पंगत संपेपर्यंत चाललं.

तपासणी दुपारची होती. निघायच्या आधी जयवंतानं शकुनला देवघराच्या कोपऱ्यात नेलं. शब्द बदलत नव्हता; तर पोर बदलायची. दुसरं काय हाती होतं?

"आयक बेटा. घरी जो पयले येते थो मोठा. बराबर हाय तुह्यं. पन शाळेत उलटं असते. शाळेत जो मागून येते थो मोठा. शाळेत कोनी बी मोठा विचारलं, की मागून आलेला सांगजो."

शकुननं भुवया वर केल्या. "शाळेत उलटं असते?"

"हो."

"म्हनूनच पार्बताबाई लायन्या बाई हायत!" शकुनचा चेहरा उजळला. किती दिवसांचं कोडं सुटलं होतं. आणि आपण लेकीला शहाणं करतो आहोत की काय करतो आहोत, हे जयवंताला त्या उजेडात दिसलं नाही.

शाळेच्या पडवीत डिप्टी साहेब खुर्चीवर बसले होते. कोट, फेटा, गुडघ्यावर कागद. माणूस वाईट नव्हता. मुलींना घाबरवू नये म्हणून मधून मधून हसत होता, आणि मुली त्या हसण्यालाच घाबरत होत्या. पालक दाराशी उभे होते. खुशालराव पुढं, त्यांच्यामागं चंद्रभान, त्यांच्यामागं गोवर्धनला कडेवर घेऊन जयवंता.

"पाच आणि आठ, यांत मोठी संख्या कोणती?"

शकुननं एकदा जमिनीकडं पाहिलं. शाळेचीच फरशी होती. "आठ."

"चार आणि सात?"

"सात."

"आठ आणि नऊ?"

शकुन थांबली. मान तिरकी झाली. मोठ्या बाईंचा हात पदराशी चाळा करू लागला. दाराशी जयवंता मनातल्या मनात आठाला आणि नवाला पाठीला पाठ लावून उभं करत होती.

"नऊ."

"शाबास!" डिप्टी साहेबांनी कागदाकडं लेखणी नेली.  बस, एक रेघ ओढायची होती. पण साहेबांना मुलगी आवडली होती, आणि आवडलेल्या मुलीला एक जास्तीचा, सोपा, प्रेमाचा प्रश्न विचारायचा त्यांना मोह झाला.

"आता एक व्यवहारातलं. ते दारात बाळ आहे, ते कोण तुझं?"

"माहा भाऊ."

"मग सांग बरं, तू मोठी का भाऊ मोठा?"

जयवंतानं गोवर्धनला घट्ट धरलं. नको, ती मनात ओरडली. हे घरातलं आहे बेटा, हे शाळेतलं नव्हे.

शकुननं पुन्हा फरशीकडं पाहिलं. ती शाळेत उभी होती. आईनं सांगितलं होतं, कोनी बी मोठा विचारलं, की मागून आलेला सांगायचा. "भाऊ मोठा," ती खणखणीत म्हणाली.

"अस्सं! का बरं?"

"थो मागून आला म्हनून."

मुली हसल्या. पार्बताबाई हसल्या. साहेबांनी लेखणी बाजूला ठेवली आणि खेदानं मान हलवली. "पाठांतर आहे. समज नाही. कडेवरचं बाळ मोठं म्हणते! पुढच्या वर्षी पाहू."

एवढ्यात दारातून खुशालरावांचा आवाज गडगडला. "बराबर बोलली माही नात! पोरगाच मोठा. साहेब, तुमी बी काय इचारता! घरात पोट्टी मोठी असते काय कधी?"

साहेब हसले. खुशालराव हसले. एक ती चुकली म्हणून, दुसरा ती बरोबर निघाली म्हणून. पण हसणं एकच झालं आणि पडवीभर पसरलं. शकुनला वाटलं आपण पास झालो. तीही हसली.

जयवंता गर्दीतून पुढं सरली. "साहेब, तिले जास्त म्हनून इचारा. एकदा जास्त म्हनून—" पण पुढचं त्या हसण्यात बुडालं.

साहेबांनी चंद्रभानकडं पाहिलं. "तुमच्या मंडळी काही म्हणताहेत का?"

चंद्रभाननी बापाकडं पाहिलं. "काही नाही, साहेब," ते म्हणाले.

घरी आल्यावर जयवंतानं त्यांना एवढंच विचारलं, "तुमी वकिलाच्या घरी काम करता. एक शब्द बोलता आला नाई?"

"मी लिहितो," ते खाली मान घालून म्हणाले. "बोलतात ते वकीलसाहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार-अड्ड्यावर केळीच्या रिकाम्या टोपल्या टपावर चढत होत्या. खुशालरावांनी आधी गोवर्धनची इवली मूठ आपल्या हातात घेतली. "येतो मी, मोठे मालक. घर सांभाळा." मग शकुनला काखेत धरून आत बसवलं. शकुन खिडकीशी सरकली. तिच्या मांडीवर चार कपड्यांचं गाठोडं होतं. पास झाल्यावर आबाजीच्या गावाला जायचं असतं, असं तिला वाटत होतं. कोणी तसं सांगितलं नव्हतं, आणि कोणी नाही असंही सांगितलं नव्हतं.

मोटारवाला तिकिटं फाडत आला. "मोठे किती, लायने किती?"

"एक मोठा, एक लायनी," खुशालराव म्हणाले. "अन् तिचं अर्धंच फाडजो."

शकुननं आबाजीकडं पाहिलं, मग आईच्या कडेवरच्या गोवर्धनकडं. मान तिरकी झाली. आठाला आणि नवाला उभं करताना व्हायची तशीच. मोटारीनं एक गचका दिला आणि धूर सोडला.

"माय," ती खिडकीचा गज धरून म्हणाली, "हे शाळा नोहे न?"

"नाई बेटा."

"मंग इथं बी भाऊच मोठा कावून?"